सबफ्रेम कनेक्टर बसवूनही दार घासतं, कुरकुर येते, वेल्ड तडकतो: फॉक्स-बॉडी मस्टँगसाठी समस्या निवारण

१९७९ ते १९९३ च्या फॉक्स-बॉडी (फोर्डच्या ‘फॉक्स’ सांगाड्यावरच्या) मस्टँगला सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे खालचे पुढचे आणि मागचे रेल जोडणारे पाइप, लावणं हे आता पहिलं काम समजलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्याबरोबर एक तक्रारही ठरलेली असते. कनेक्टर लावल्यावर सुरुवातीला गाडी घट्ट वाटते. मग दार मागच्या वरच्या कोपऱ्यात घासू लागतं, ड्राइव्हवेच्या चढावर तिरकी चढताना खालून ‘टक्’ आवाज परत येतो, किंवा वेल्डच्या कडेला केसासारखा तडा दिसतो. मालक आणखी जाड पाइप आणतो, वेल्डवर वेल्ड चढवतो, आणि तडा दोन इंच पुढे सरकतो.

पाइपाचा दोष यात क्वचितच असतो. शोधायच्या गोष्टी तीन: वेल्ड करताना गाडी कशावर उभी होती, कनेक्टरची टोकं कुठे आणि कशी जोडली, आणि कनेक्टर लावण्याआधीच खाली काय फाटलेलं होतं.

गाडी लवचिक का असते

फॉक्सला वेगळी चासी नाही. पुढचे रेल (पत्र्याच्या पोकळ तुळया) इंजिनाखालून येऊन पुढच्या सीटच्या आसपास फरशीच्या पत्र्याला मिळतात आणि तिथेच संपतात. मागचे रेल मागच्या चाकांच्या पुढे, टॉर्क बॉक्सपाशी (अ‍ॅक्सलचे दांडे जिथे बॉडीला जोडतात त्या पत्र्याच्या पेट्या) सुरू होतात. मधल्या भागात फरशीचा पत्रा आणि दोन्ही बाजूंचे रॉकर (दारांखालच्या पोकळ पट्ट्या), एवढ्यावरच भिस्त. साध्या चार सिलिंडरच्या गाडीत हे निभून जातं. १९८७ ते १९९२ च्या ५.० लिटर व्ही-८ मध्ये २२५ हॉर्सपॉवर आणि ३०० फूट-पाउंड टॉर्क मागच्या चार कंट्रोल आर्ममधून (अ‍ॅक्सलला बॉडीशी जोडणारे दांडे) थेट टॉर्क बॉक्सच्या पत्र्यात जातो, तेव्हा मधला भाग पिळला जातो. १९८१ ते १९८८ च्या टी-टॉप (छताचे दोन तुकडे निघणाऱ्या) गाड्या आणि १९८३ पासूनच्या कन्व्हर्टिबल यांच्यात छताचीही मदत नसते. कन्व्हर्टिबलला कारखान्यातून खाली जास्तीचा आधार येतो, पण पीळ पूर्ण थांबवायला तो पुरत नाही.

कनेक्टर पुढचा आणि मागचा रेल जोडतो. त्यामुळे भाराला जायला नवी वाट मिळते. त्या वाटेच्या दोन्ही टोकांना पत्रा कुजका किंवा फाटका असेल, तर भार नेमका तिथेच जाऊन बसतो. आधी जो त्रास सगळ्या फरशीवर पसरलेला होता, तो आता दोन-चार इंचांत गोळा होतो.

आधी मोजा

सपाट जमिनीवर गाडी चाकांवर उभी करा. दोन्ही दारांची फट तीन ठिकाणी मोजा: मागच्या कडेला वर, मागच्या कडेला खाली, आणि पुढे बिजागरीच्या बाजूला वर. फीलर गेज नसेल तर ड्रिल बिटांचे दांडे चालतात. जो दांडा अडकतो न अडकतो असा जातो, तो आकडा लिहा. मग पुढच्या डाव्या जॅक-पॉइंटखाली जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला आणि तीच मापं परत घ्या. दार उघडून बंदही करून बघा. उजवीकडे हेच करा. कनेक्टर लावायच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही कोष्टकं असतील तर भांडण मिटतं. नसतील तर आजचं कोष्टक तरी ठेवा.

मोजण्याआधी एक खात्री करून घ्या. दार उघडून मागच्या कडेला धरून वर उचला. ते वरखाली हलत असेल तर बिजागरीच्या पिना आणि बुश गेले आहेत. फॉक्सचं दार लांब आणि जड आहे, या वयात बुश झिजलेलेच असतात. त्याचं खापर कनेक्टरवर फोडण्यात अर्थ नाही. आधी बुश बदला, मग मोजा.

दार घासतं किंवा फट बिघडली आहे

कनेक्टर गाडीला सरळ करत नाही. वेल्ड करताना गाडी ज्या आकारात असते, त्याच आकारात तो तिला पकडून ठेवतो. म्हणून फटीकडे बघून तेव्हा काय झालं असेल ते ओळखता येतं.

दोन्ही दारांची वरची फट रुंद झाली असेल, तर गाडी बहुधा दोन खांबांच्या लिफ्टवर होती. आधार मध्यावर, इंजिन पुढे लोंबकळतंय, मागचा अ‍ॅक्सल मागे लोंबकळतोय, आणि दाराची चौकट वरून उघडते. याच्या उलट, दोन्हीकडे वरची फट चिमटली असेल तर स्टँड अगदी पुढच्या आणि मागच्या टोकाला लावलेले असणार. मधला भाग खाली बसलेला असतानाच कनेक्टर जोडला गेला. एका बाजूला चिमटलेली आणि दुसरीकडे रुंद अशी फट म्हणजे पीळ. चारांपैकी एक स्टँड उंच होता, किंवा गॅरेजची जमीन उताराची होती. घरांचे गॅरेज पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतरते बांधलेले असतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

चौथं कारण वेल्डच्या आकसण्याचं. एका बाजूचा सगळा सांधा सलग एका दमात ओढला की ती बाजू थंड होताना आखडते. खालची बाजू आखडली की दोन्ही टोकं खाली ओढली जातात. परिणाम दोन खांबांच्या लिफ्टसारखाच दिसतो, फक्त सहसा एकाच बाजूला.

स्ट्रायकर (दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो खुंटा) सरकवून किंवा बिजागरी वाकवून हे झाकता येतं, पण तो उपाय नव्हे. उपाय असा: कनेक्टरचा पुढचा सांधा ग्राइंडरने पातळ चकती लावून कापा. मागचा तसाच ठेवा. फरशीला मारलेले टाके असतील तर तेही सोडवा. गाडी चार खांबांच्या लिफ्टवर किंवा चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या रॅम्पवर आणा. दोनचार वेळा दाबून सस्पेन्शन बसू द्या. स्पिरिट लेव्हलने आडवं बघा, फटी मोजा. कापल्यावर टोक रेलपासून सरकलेलं दिसतं. ते सरकणं म्हणजेच अडकून राहिलेला ताण. दार नीट लागतंय याची खात्री झाली की तिथेच टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारा, पुन्हा मोजा, मग पूर्ण करा. कन्व्हर्टिबलमध्ये हे काम छत वर चढवून, कुलपं लावून करा.

टोकाला तडा जातो

हे सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात वाईट पद्धतीने दुरुस्त होतं.

नेहमीची रचना अशी: चौकोनी पाइप काटकोनात कापलेला, रेलच्या खालच्या तोंडावर टेकवलेला, आणि टोकाला आडवा जाड वेल्ड. मजबूत पाइप जिथे संपतो तिथे एकदम पातळ पत्रा सुरू होतो, आणि त्या हद्दीवर आडव्या वेल्डची कडा पत्र्याला खाच पाडून बसते. गाडी पिळली की ती खाच उघडते. म्हणून तडा वेल्डमध्ये न जाता वेल्डला लागून रेलमध्ये जातो. वेल्ड जाड केल्याने खाच जास्त धारदार होते आणि भोवतालचा पत्रा जास्त भाजतो.

दुरुस्तीचा क्रम: तडा संपतो तिथे, टोकाच्या किंचित पुढे, ३ मिमीचं भोक पाडा. तडा ‘व्ही’ आकारात घासा, आतली जुनी धातू चमकेपर्यंत. भरून सपाट करा. मग वरून २ ते २.५ मिमी जाडीचा पत्रा डबलर म्हणून लावा. त्याचे कोपरे कमीत कमी १२ मिमी त्रिज्येने गोल करा. टोकदार कोपऱ्याचा डबलर म्हणजे पुढच्या तड्याची तयारी. डबलर रेलच्या फक्त खालच्या तोंडावर नको, दोन्ही उभ्या बाजूंवर चढेल असा वाकवा. ८ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड (भोक भरून केलेला वेल्ड) आणि लांबीच्या दिशेने टाके मारा. टोकाची आडवी कडा वेल्डशिवाय सोडा आणि सीलरने बुजवा.

कनेक्टरचं टोकही बदला. ते तिरकं कापा, म्हणजे पाइपाची उंची हळूहळू कमी होत रेलमध्ये विरेल. रेलवरची चढण (रेलवर चढलेल्या भागाची लांबी) कमीत कमी ४ ते ६ इंच, म्हणजे १०० ते १५० मिमी हवी. दोन इंचांच्या चढणीवर बसवलेला कनेक्टर कितीही जाड असो, तडा जाणारच.

बोल्टचा कनेक्टर सैल पडतो

वेल्डिंग नको म्हणून बोल्टने बसणारे कनेक्टर घेतले जातात. बोल्ट कसला की पोकळ रेल चेपतो, चेपला की पकड जाते, मग भोक लांबट होतं आणि आवाज सुरू. पुन्हा कसला की रेल आणखी चेपतो. हे चक्र तोडायला बोल्टच्या भोकातून रेलच्या आत नळीचा तुकडा आरपार बसवा, म्हणजे कसण्याचा जोर नळीवर जाईल. नळीची दोन्ही टोकं रेलच्या पत्र्याशी सपाट आणि वेल्ड केलेली हवीत. वॉशरऐवजी ५ मिमीची पट्टी वापरा. ३/८ इंची ग्रेड-५ च्या कोरड्या बोल्टला सुमारे ३० फूट-पाउंड, म्हणजे ४० न्यूटन-मीटर पुरतात.

एवढं केल्यावर मनात येतंच की यापेक्षा वेल्ड केलेलं बरं. बरंच आहे. बोल्ट जागा धरायला वापरा, मापं जुळवा आणि मग वेल्ड करा.

आवाज थांबत नाही

आवाजाचा माग काढताना आधी एक्झॉस्ट बघा. पाइप किंवा त्याचा फ्लँज कनेक्टरपासून अर्धा इंच तरी लांब हवा. इंजिन जोर लावताना कलतं आणि उभ्या गाडीत दिसणारी पाव इंचाची फट तेव्हा उरत नाही. संशयाच्या जागी खडू फासून एक चक्कर मारा. जिथे पुसला गेला तिथे लागतंय. हँडब्रेकची केबल आणि ब्रेकची नळी कनेक्टर व फरशीच्या मध्ये अडकली आहे का तेही पाहा. नळी अडकली असेल तर आवाज हा गौण प्रश्न आहे.

दुसरी जागा: कनेक्टर फरशीला टेकलेला, पण जोडलेला नाही. तिथे पत्रा गुणगुणतो. एक तर दर तीन इंचांवर एक इंचाचा टाका मारून जोडा, नाहीतर स्पष्ट फट ठेवून सीलर भरा. जोडणं जास्त चांगलं, कारण मग फरशीचा पत्राही कामाला लागतो. त्याबरोबर कनेक्टरपासून सीटच्या बोल्टांपर्यंत आडवा हात दिला तर चालकाखालची फरशी हलायची थांबते. इतक्या थोड्या लोखंडात एवढा फरक दुसऱ्या कुठल्या तुकड्याने पडत नाही.

मग के-मेंबरचे (इंजिनाखालच्या आडव्या चौकटीचे) बोल्ट आणि मागच्या कंट्रोल आर्मचे बुश. पॉलियुरेथेनचे बुश कोरडे पडले की किंचाळतात. खास ग्रीस लागतं.

टॉर्क बॉक्स आधी, कनेक्टर नंतर

वरचं सगळं ठीक असूनही मागून ‘टक्’ येत असेल तर मागची सीट काढा, गालिचा उचला आणि टॉर्क बॉक्सचे स्पॉट वेल्ड बघा. खालून तारेच्या ब्रशने डांबर-रंग काढून बघा. स्पॉट वेल्डभोवती गोल भेग, पत्र्यांमध्ये सुटलेली फट किंवा गंजाची बारीक रेघ म्हणजे बॉक्स फाटतो आहे. कुणाला तरी चालकाच्या जागी बसवून, मागची चाकं अडवून, ब्रेक दाबून पुढे-मागे हलका जोर द्यायला लावलं तर हालचाल डोळ्याला दिसते. त्या वेळी गाडीखाली कुणी नको. बाजूने बघा किंवा मोबाइल ठेवून चित्रण करा.

वरच्या आर्मला कडक पॉलियुरेथेन बुश लावणं हे बॉक्स फाटण्याचं ठरलेलं कारण आहे. या चार-आर्मच्या रचनेत वरच्या आर्मला तिरकं वळावं लागतं. बुश वळू देत नसेल तर पत्रा वळतो. वर रबर ठेवा, कडकपणा हवा तर खालच्या आर्मला द्या.

फाटलेला बॉक्स जागेवर ठोकून सांधे मिगने (तार-आणि-वायूच्या वेल्डिंगने) जोडा, तयार मिळणाऱ्या मजबुतीच्या पट्ट्या बसवा, आणि मगच कनेक्टरला हात लावा.

घरी बनवायचे असतील तर

व्हीलबेस १००.५ इंच आहे; पुढच्या आणि मागच्या रेलमधलं अंतर त्याहून बरंच कमी भरतं. १२ फुटांचा एक पाइप दोन्ही बाजूंना पुरतो. खरा प्रश्न कुठला पाइप. २×२ इंची, ०.०८३ इंच (२.१ मिमी) जाडीचा असा १२ फुटी पाइप साधारण २६ पाउंड भरतो. त्याच मापाचा ०.१२० इंच (३ मिमी) घेतला तर ३७ पाउंड, आणि वाकण्याला विरोध साधारण ३७ टक्के वाढतो. पण २×३ इंची, ०.०८३ जाडीचा पाइप ३ इंचाची बाजू उभी ठेवून लावला तर वजन ३३ पाउंडच्या आत राहतं आणि विरोध अडीच पटींहून जास्त होतो. उंची महाग वाटते, पण जाडीपेक्षा कामाची आहे. अडचण एकच: तो एक इंच खाली येतो. गाडी खाली बसवलेली असेल तर स्पीड-ब्रेकर त्याला गाठणार. मग २×२, ०.१२० आणि फरशीला टाके, हा मधला मार्ग.

गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊ नका. जस्ताच्या धुराने ताप भरतो आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात.

विकतच्यात बघायचं ते असं: लांबी पूर्ण आहे का, टोकाला रेलवर चढणारे खोबणीचे तुकडे आहेत का, सीटसाठी आडवा हात आहे का. रंगाचा चकचकीतपणा बघू नका. वेल्डच्या जागी तो घासूनच काढायचा आहे.

वेल्ड करताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये संगणक प्रवाशाच्या पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे असतो. त्याचा प्लग सोडवा. याच गाड्यांत इंधनाच्या नळीत सुमारे ४० पीएसआय दाब असतो, तो आधी सोडा आणि नळ्या ओल्या कापडाने झाका. सीट, गालिचा आणि खालचा डांबरी थर वेल्डच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच काढा. हा थर खालच्या उष्णतेने पेटतो आणि खाली झोपलेल्याला दिसत नाही. आत एक माणूस पाणी घेऊन बसलेला हवा, आणि काम संपल्यावरही अर्धा तास कुणीतरी थांबायला हवं.

०.०३० इंच (०.८ मिमी) ईआर७०एस-६ तार, ७५ टक्के आर्गॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइड, प्रवाह मिनिटाला १० ते १२ लिटर. फ्लक्स-कोअर तारेने होतं, पण उताण्या अवस्थेत पातळ रेलला भोकं पडण्याचं प्रमाण फार वाढतं. त्याच जाडीचे दोन तुकडे जोडून बघा, मोडून बघा, मग गाडीला लावा. आर्क जाड पाइपावर ठेवा आणि कडेने पत्र्यावर ओढा. एक इंच टाका, दोन इंच सोडा. डावी बाजू, मग उजवी, पुढे, मग मागे. हात लावता येईल एवढं थंड झाल्याशिवाय शेजारचा टाका नको. सगळे टॅक झाल्यावर एकदा आणि निम्मं काम झाल्यावर एकदा दारांच्या फटी मोजा. अर्धा-एक मिलिमीटर सरकताना दिसलं तर दुसऱ्या बाजूला जा.

रेल आधी हातोडीने ठोकून बघा. घणघणीत आवाज हवा. भद्द आवाज आला किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर नवा पत्रा घातल्याशिवाय कनेक्टर लावण्यात काही अर्थ नाही.

पहिल्या पिढीची कॅमॅरो आणि आपल्याकडच्या जुन्या गाड्या

१९६७ ते १९६९ च्या कॅमॅरोचा पुढचा सबफ्रेम बॉडीला रबरी बुशांवर बोल्टने बसतो. तिथे रबर तसंच ठेवून कनेक्टर वेल्ड केला की सबफ्रेम हलायचा प्रयत्न करतो आणि कनेक्टर त्याला धरून ठेवतो; सगळा त्रास टोकाच्या वेल्डला. आधी घट्ट बुश बसवा, सबफ्रेम कर्ण मोजून चौकोनात आणा, मग जोडा.

अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी यांचीही बॉडीच चासी आहे, म्हणून पुण्या-मुंबईकडे हाच प्रश्न येतो. त्यांचं दार लटकतं ते बहुतेक सिल (दाराखालचा रॉकर) कुजल्यामुळे. कनेक्टरऐवजी सिल बदला. दार लागलेलं आणि गाडी चाकांवर, हा नियम तिथेही तोच. शिवाय भारतात गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. सिलची दुरुस्ती वेगळी गोष्ट.

शेवटचा हात

वेल्ड थंड झाल्यावर घासून एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, वर अंडरकोट. पाइपाची तोंडं बंद करा आणि सगळ्यात खालच्या जागी ६ मिमीचं भोक पाणी निघायला ठेवा. आतून पोकळीत मेण फवारा, रेलमध्येही. बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला हे दर हिवाळ्याआधी लागतं.

कनेक्टरच्या मध्याखाली जॅक लावायचा मोह होतो, कारण घट्ट गाडीत तिथून एका बाजूची दोन्ही चाकं उचलली जातात. २ मिमीचा पाइप जॅकच्या छोट्या बशीखाली चेपतो. रुंद लाकडी ठोकळा घाला, किंवा त्या जागी आधीच ५ मिमीची पट्टी वेल्ड करून ठेवा.

पुढच्या चाकांची अलाइनमेंट कनेक्टर झाल्यावर करून घ्या, आधी नको. पाचशे मैलांनंतर टोकं स्वच्छ पुसून विजेरीने बघा, आणि दाराच्या फटींचं कोष्टक परत भरा.